डब्यात न पडलेल्या पुंगळ्या

गेले तीन महिने कॉफीच्या त्या रिकाम्या डब्यात एकही पुंगळी पडली नव्हती, आणि मी मूर्ख, त्याचा आनंद मानत होते.

तो डबा माझ्या सासऱ्यांचा, हार्मबाबांचा. आमच्या खोऱ्यात निम्म्या घरांत अजून जुन्या फौजी थ्री-नॉट-थ्री रायफली आहेत. झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरायची, तर आधी पुंगळ्या, म्हणजे त्यांची रिकामी पितळी नळकांडी, बाबांच्या हाताखालून जायला हव्यात, हा इथला चाळीस वर्षांचा रिवाज. या रायफलींत काडतूस बसायचं घर सैल असतं. प्रत्येक बाराला पितळ बुडाच्या जरा वर ताणलं जातं, आतून झिजतं, आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटते. बूड बाहेर येतं, पुढचा तुकडा नळीत अडकून बसतो. मग दुसरं काडतूस आत जात नाही. हातात उरते ती नुसती काठी.

ही झीज बाहेरून दिसेलच असं नाही. म्हणून बाबांकडे एक बारीक तार आहे, टोक काटकोनात वाकवलेली. ती पुंगळीत घालून बुडापासून वर ओढायची. टोक कुठे खाचेत अडखळलं की पुंगळी बाद. बाबा पकडीने तिचं तोंड चेपणार, म्हणजे चुकून कुणी वापरू नये, आणि डब्यात टाकणार. पन्नासात तीन-चार तरी जायच्याच.

या तीन महिन्यांत मात्र शून्य. मी तर शेजारी सांगत सुटले होते की यंदा पितळ फार चांगलं निघालंय.

त्या मंगळवारी पहाटे माझा नवरा योस्ट ओढ्याकडच्या कुरणात गेला. ग्रिझली अस्वलाने आठवड्यात दोन वासरं नेली होती, आणि तिसऱ्यासाठी ते येणार हे नक्की होतं.

"वीस काडतुसं घेतलीत," त्याने खिसा थोपटला. "बाबांच्या ओतीव गोळ्यांची. शिसं जड असलं की हाड फोडून जातं."

"वीस कशाला? युद्धावर चाललायस?"

"दोनच लागतात गं. एक अस्वलाला, दुसरी खात्रीला."

हा बाबांनीच घालून दिलेला नियम. अस्वल पडलेलं दिसलं, तरी दुसरी मारल्याशिवाय जवळ जायचं नाही. योस्टने तो आजवर कधी मोडला नव्हता.

आठच्या सुमारास बाबा आणि मी पुढच्या खेपेला बसलो. बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्या काढून, धुऊन, घासून पुंगळ्या लख्ख केलेल्या होत्या. बाबा तार फिरवत होते आणि 'चांगली, चांगली' म्हणत माझ्याकडे सरकवत होते. मी एकेकीचं तोंड किंचित पसरट करत होते, म्हणजे शिशाची गोळी बसवताना खरवडली जात नाही.

"हात चालव रीका," बाबा म्हणाले. "कणीक मळतेयस का?"

"तुम्हीच आज घोड्यावर बसलायत, बाबा. इतक्या भराभर तुम्हाला कळतं तरी कसं?"

"चाळीस वर्षं झाली. बोटांना शहाणपण येतं."

ते कॉफी ओतायला उठले. तार टेबलावर पडली होती. मी सहज उचलली, त्यांनी पास केलेली एक पुंगळी घेतली आणि तार वर ओढली. टोक अडखळलं. मला वाटलं, माझाच हात वाकडा. पुन्हा ओढली. पुन्हा त्याच जागी. दुसरी घेतली, ती गुळगुळीत. सातवी अडखळली. अकरावी अशी अडखळली की नखाला कळावं.

मी मान वर केली. बाबा शेगडीजवळ उभे होते. किटलीची मूठ फडक्याशिवाय धरली होती. ती मूठ लोखंडी आहे. मला ती दोन क्षणही धरवत नाही. ते मात्र सावकाश, बेताने कॉफी ओतत होते.

मग मागच्या आठवड्यातलं आठवलं. गोळ्या ओतताना वितळलेल्या शिशाचा थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला होता. मी किंचाळले होते. त्यांनी तो विजारीला पुसला आणि हसले. तेव्हा मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"बाबा, किटली खाली ठेवा."

त्यांनी आधी माझ्या हातातली तार पाहिली, मग किटली ठेवली. तळव्यावर लाल पट्टा उठला होता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा, मला खेळवू नका. बोटांना कधीपासून कळत नाहीये?"

ते खुर्चीत बसले.

"मार्चपासून. आधी टोकं गेली," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघतो ना मी. बाहेरून झिजेची रेघ दिसली असती तर काढली असती."

"घासून लख्ख केलेल्या पुंगळीवर कुठली रेघ दिसणार? तुम्हीच शिकवलंत मला!"

"हे काम गेलं, तर मग या घरात मी नुसता जेवायला बसणारा उरतो, रीका."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. अकरा तपासल्या त्यात तीन बाद निघाल्या होत्या. योस्टच्या खिशात याच पितळाची वीस होती. कुरणात फोन लागत नाही. मी गाडीची चावी घेतली आणि दाराकडे धावले.

तेवढ्यात ओढ्याकडून बार ऐकू आला.

दोघंही जागच्या जागी थांबलो. बाबांचे ओठ हलत होते. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, नेम. दुसरी गोळी भरून झाडायला योस्टला तीन आकडे लागतात, फार तर चार. मी दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत. कुंपणावरचे कावळे उडून पुन्हा येऊन बसले.

दुसरा बार झाला नाही.

"पडलं असेल एकात," मी म्हणाले.

"पडलं तरी तो मारतो," बाबा म्हणाले.

त्यांनी भिंतीवरची स्वतःची रायफल काढली. तीही थ्री-नॉट-थ्रीच. मी फळीवरचा काडतुसांचा डबा ओढला. घरात भरलेली काडतुसं तेवढीच होती. झाकणावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'तपासलं. हार्म.' तारीख जुलैची, म्हणजे बोटं गेल्यानंतरची. भरलेल्या काडतुसात तार घालता येत नाही. आत दारू असते, वर गोळी बसलेली असते.

मी मूठभर टेबलावर ओतली.

"बाबा, यातली चांगली कुठली?"

जन्मभर कुणी हा प्रश्न विचारायचा अवकाश, की त्यांचा हात पुढे येई. आताही आला. त्यांनी एक काडतूस उचललं, दोन बोटांत फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरलं, परत ठेवलं. मग दुसरं. तिसरं बोटांतून निसटून जमिनीवर पडलं, आणि ते पडल्याचं त्यांना आवाज झाल्यावर कळलं.

मी सगळीच खिशात भरली. बाबा रायफल घेऊन गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले.