चमच्यांचा डबा

माझी पुतणी हरिणी चामराजपुरम भागातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये नऊ वर्षांपासून काम करते. भाज्या चिरण्यापासून सुरुवात करून ती दुसऱ्या क्रमांकाची शेफ झाली. या मार्चमध्ये मुख्य शेफ नोकरी सोडून गेले. मालक सत्यनारायण यांनी तिला सांगितलं, एका रविवारचं दुपारचं जेवण एकटीनं सांभाळ. ते नीट पार पडलं तर मुख्य शेफ तीच, नाहीतर बाहेरून माणूस आणणार.

अडचण एकच होती, आणि ती आमच्या घरातूनच तिच्याबरोबर तिथं गेली होती. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवण्याआधी कुणी काही चाखत नाही. हरिणीची आई, कृष्णवेणीवहिनी, वीस माणसांचा स्वयंपाक नुसत्या वासावर आणि रंगावर करते. हरिणी तिच्याच हाताखाली शिकली. पुढे केटरिंगच्या कॉलेजात चाखायला शिकवलं, तेव्हा परीक्षेपुरतं तिनं चाखलं. मग हात जुन्या वळणावर गेला. अंदाज चुकत नसे, त्यामुळे कुणी काही बोललंही नाही.

गेल्या दिवाळीत मात्र चुकला. सांबाराच्या मोठ्या पातेल्यात तिनं मीठ घातलं, आणि तिची पाठ वळताच तिच्या हाताखालच्या मंजुनाथनंही घातलं. घरात मीठ एकाच हातानं पडतं, रेस्टॉरंटात बारा हात असतात. न चाखता गेलेलं सांबार अकरा टेबलांवरून परत आलं. हरिणीनं चूक स्वतःवर घेतली. तेव्हापासून मंजुनाथ तिला येताना पाहून चमचे उचलून ठेवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, 'अक्का मडीत आहेत', म्हणजे सोवळ्यात आहेत.

रविवार ठरला त्याच दिवशी हरिणीनं मंडी मोहल्ल्याच्या बाजारातून स्टीलचे दोन डबे आणि साठ चमचे आणले. एका डब्यात धुतलेले, दुसऱ्यात वापरलेले. महिनाभर ती प्रत्येक पातेलं चाखत राहिली. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "काका, चोरून खाल्ल्यासारखं वाटतं हो." तिला माझ्या सल्ल्याची फारशी गरज नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

त्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. किचनमधून ताटं बाहेर येतात त्या खिडकीजवळचं छोटं टेबल मला मिळालं. मेन्यूत तिनं आमच्या घरचं पंचामृत ठेवलं होतं. दूध-दह्याचं तीर्थ नव्हे, तर मिरच्या, चिंच, गूळ, तीळ आणि शेंगदाण्यांचं आंबटगोड तोंडीलावणं. पहिलं पातेलं तासाभरात संपलं. पाऊण वाजता मंजुनाथनं दुसरं आणलं. हरिणीनं चाखलं, मान डोलावली, आणि मग चमचा खाली ठेवून पातेल्यावर वाकून वास घेतला.

"चव बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तीळ जास्त भाजलेत. हे बाहेर जाणार नाही."

सत्यनारायण आत आले. त्यांनी चाखलं, त्यांना ते उत्तमच लागलं. सहा टेबलं थांबली होती. पाठवून दे, असं त्यांनी सांगितलं, आणि तेही सगळ्यांसमोर. मी ताटाकडे पाहत बसलो. आता ती हो म्हणेल, असं मला वाटलं. मी असतो तर म्हटलं असतं.

हरिणीचा आवाज चढला नाही. "सर, आज किचन माझं आहे. दहा मिनिटं द्या." त्याच पातेल्यातलं पंचामृत एका वाटीत काढून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं. "हे निवल्यावर पुन्हा चाखा."

मग ती कामाला लागली. थांबलेल्या टेबलांवर गरम वडे पाठवले, तीळ स्वतः भाजले, चिंचेचा कोळ मंजुनाथकडून घालून घेतला. बाराव्या मिनिटाला नवं पातेलं खिडकीत आलं. ती आधी वाकली, मग तिनं चाखलं, आणि ताटं निघाली.

तोवर वाटी निवली होती. सत्यनारायणांनी चमचाभर तोंडात घातलं. गरम असताना गुळाआड दडलेला कडवटपणा आता वर आला होता. चमचा त्यांनी वापरलेल्या चमच्यांच्या डब्यात टाकला. कौतुक केलं नाही. मुख्य शेफच्या कोटावर नाव काय शिवायचं, नुसतं हरिणी की शेफ हरिणी, एवढंच विचारलं.

"शेफ हरिणी," ती म्हणाली. "आणि कोट दोन लागतील, सर. एक धुवायला जातो."

ते गेल्यावर तिनं डब्यातून एक चमचा काढून मंजुनाथपुढे धरला. इथून पुढे प्रत्येकानं आधी वास घ्यायचा, मग चाखायचं, असं तिनं सगळ्या किचनला सांगितलं.

मंजुनाथनं विचारलं, "अक्का, चमचा मडीतला आहे ना?"

"नाही रे, धुतलेला आहे. धर."

त्यानं चमचा घेतला आणि तो रश्शाच्या पातेल्यावर वाकला.