वहिनींचे वीस फेरे

गल्ली जिथे काटकोनात वळते, तिथेच काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पुढचं दिसत नाही म्हणून माणूस वळणावर पाय जरा आवरता घेतो, काचेतली चालती घड्याळं त्याला दिसतात आणि नजर आपोआप मनगटाकडे जाते. तिथलं बंद पडलेलं निघालं की गिऱ्हाईक आत. चाळीस वर्षं काकांचं पोट त्या एका वळणावर चाललं होतं.

एका सकाळी नगरपालिकेची मुलगी समोर स्टूल टाकून बसली. माणूस गेला की हातातलं बटण टिक् करून दाबायची.

"काय मोजतेस गं, बाळ?"

"माणसं. त्यावरून ठरेल, वळणाअलीकडची भिंत पाडून थेट चौकात वाट काढायची की नाही."

थेट वाट झाली तर वळणावर काळं कुत्रं फिरकणार नव्हतं. काकांनी ठरवून टाकलं, गल्ली ओस दिसली तरच हे भिंत पाडतील; तेव्हा गल्ली भरलेली दिसली पाहिजे! झालं, काकांच्या सांगण्यावरून सगळा शेजार त्या मुलीसमोरून फेऱ्या मारायला लागला. पलीकडच्या शिवणकामवाल्या वहिनींनी तर दुखऱ्या गुडघ्यांनी, पिशव्या बदलून बदलून वीस फेरे मारले. माणसं इतकी जीव लावतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची अक्कल रजेवर जाते.

महिन्याने नगरपालिकेचे साहेब हसतमुखाने आले. "काका, दिवसाला नऊशे माणसं! एवढी गर्दी या बोळाला झेपायची नाही. भिंत पाडतोय."

"अहो साहेब, त्यातली निम्मी आमचीच होती!"

साहेबांना ती थट्टा वाटली. ते खो खो हसले.

भिंत पडली. पहिल्याच दिवशी सगळे नाकासमोर चौकाकडे निघून गेले. दुपार झाली तरी वळणावर कोणी नाही. काकांना फार एकटं वाटलं.

मग ओळखीची, लंगडती पावलं वाजली.

"वहिनी, इकडून कशाला? तिकडून चौक दोन मिनिटांवर आलाय."

"येऊ दे." वहिनींनी पिशवीतून नवऱ्याचं जुनं घड्याळ काढून समोर ठेवलं. "एवढं बघून ठेवा."

काकांनी ते कानाला लावलं. ठणठणीत चाललं होतं.

"याला काय झालंय?"

"ते तुम्ही शोधा," वहिनी वळता वळता म्हणाल्या. "मी उद्या येते न्यायला."