पाठीखालची फळी

अहो, इकडे बघा, ट्रॉलीच्या मागे! मी फळी बोलतेय. हृदय थांबलेल्या माणसाच्या पाठीखाली सरकवतात ना, तीच मी. आज जे घडलं त्याने अजून थरथरतेय, म्हणून भरभर सांगते.

माझा जन्म हॉस्पिटलच्या सुतारखोलीतला. सुताराने कडा घासून गुळगुळीत केल्या, हात घालायला दोन खाचा पाडल्या, पॉलिश मारलं. एवढा नट्टापट्टा करून मला टांगलं कुठे, तर तातडीच्या ट्रॉलीच्या पाठीला! वरती शॉक द्यायचं मशीन. त्याचा काय तो थाट! रोज तपासणी, रोज सही. माझ्यावर मात्र लोकांनी चहाचे कप ठेवले. एकदा आठवडाभर मी दार उघडं ठेवायच्या कामी होते.

आज सकाळी अकराची गोष्ट. खिडकीजवळच्या खाटेवर घरं रंगवणारा एक रंगारी होता, छातीत दुखतं म्हणून आलेला. त्याची ताई शेजारी बसून त्याला रागावत होती. बोलता बोलता तो गप्प झाला आणि त्याची मान कलली. सिस्टरने नाडी पाहिली आणि घंटा दाबली.

पथक धावत आलं. ताईला बाहेर नेलं. डॉक्टरबाई खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. पथकाचा पुढारी कशालाही हात लावत नाही, फक्त सगळं बघतो, अशी इथली शिस्त. त्यांनी सांगावं, ऐकणाऱ्याने तेच मोठ्याने म्हणून करावं. एक धिप्पाड ब्रदर छाती दाबू लागला. शॉक दिला. पुन्हा दाबणं, पुन्हा शॉक, इंजेक्शन. हृदय काही वळणावर येईना.

आणि मी? मी हुकाला लटकलेली! सगळ्यांना सगळं आठवलं, मीच तेवढी नाही. अहो, ओरडायला तोंड असतं तर छप्पर उडवलं असतं मी!

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "माझं काही सुटतंय का? कुणीही सांगा."

कोपऱ्यात घड्याळ आणि कागद घेऊन मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, गुडघे गेलेत, म्हणून त्यांना वेळ टिपायचं काम. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, छाती कमी आणि गादीच जास्त दबतेय. खाली फळी नाही."

डॉक्टरबाईंना राग आला नाही की लाज वाटली नाही. "फळी घाला," एवढंच म्हणाल्या. "फळी घालतो," म्हणत ब्रदरने मला ओढलं. छाती दाबणारी माणसं बदलायची वेळ झालीच होती. त्याच सेकंदांत रंगाऱ्याला कुशीवर केलं आणि मी आत!

मग काय सांगू! वरून दाब आला, तरी मी तसूभर हलले नाही. सगळा जोर थेट त्या छातीत. एक सिस्टर जांघेतल्या नाडीवर बोटं ठेवून होती, ती म्हणाली की आता दाबताना ठोका चांगला लागतोय. दोन मिनिटं भरली. "सगळे दूर!" शॉक बसला आणि लगेच पुन्हा दाबणं सुरू.

आणखी दोन मिनिटांनी हात थांबले. आणि मला कळलं हो, सगळ्यांच्या आधी मला कळलं! पाठीतून एक ठोका आला. मग दुसरा. दाबणारं कुणी नव्हतं, त्याचे स्वतःचे होते ते! बोटं ठेवलेली सिस्टर म्हणाली, "नाडी आहे." मोठ्या सिस्टरनी वेळ लिहिली आणि चष्मा पुसला.

ताईला आत आणलं तेव्हा त्याचे डोळे किलकिले झाले होते. ओठ हलले. "पाठीखाली... काय टोचतंय?"

ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. "टोचू दे," ती म्हणाली. "गप पडून राहा."

आता मला पुसून परत हुकाला लावलंय. खुशाल माझ्यावर कप ठेवा, दाराला लावा. पण घंटा वाजली की आधी मला ओढा. मला कुणी मऊ म्हणावं असा हट्ट नाहीच मुळी. मला नावं ठेवायला माणूस जिवंत राहिला, की मी भरून पावले.