उजवा कान

वीज गेली तशी काळूरामने हातातली सुताची कांडी टाकली आणि उजव्या कानावर तळवा दाबला. शेडमधले माग एकेक करून गप्प झाले. त्याच्या मागात धोटा अर्ध्या वाटेवर अडकला, आणि दिवाळीपासून तो ज्याला भीत होता ते सुरू झालं. धप्. धप्. त्याचंच काळीज, छाती सोडून कानात बिऱ्हाड केलेलं.

"चिंधू, कायतरी बोल," तो शेजारच्या मागावरच्या गड्याला म्हणाला.

"काय बोलू?"

"काय पन. जोरात बोल."

"लाईट गेली का लोक बिडी ओढतात, तू कान धरून उभा!" चिंधू खरंच जोरात बोलला. "मास्तरनी शिक्षा केलीय का रे?"

सगळे हसले. हसणं चाललं होतं तेवढा वेळ बरा गेला.

महादू मुकादम दारातून ओरडला, "चला घरी. लाईट आता सोमवारी. वरून हुकूम हाय."

काळूराम त्याच्या मागे धावला. "मुकादम, मना दुसऱ्या कारखान्यात लावा. फुकट करतो."

"गावभर लाईट न्हाय. तुज्यासाठी बैल जुंपू का मागाला?"

सोमवारपर्यंत शांतता. बाकीच्यांना सुट्टी मिळाली. काळूरामला शिक्षाच झाली.

डॉक्टर करून झाला होता. त्याने नळी लावून छाती ऐकली, बॅटरी मारून कान पाहिला आणि म्हणाला, "काही नाही. सगळं तुमच्या डोक्यात आहे." "डोक्यातच तर वाजतंय, सायेब," काळूराम कळवळून म्हणाला, तर डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली. बाप गावाकडे, वडप्याला, शेताच्या बांधावर बसल्या बसल्या काळीज थांबून गेला होता. हातातली बिडी पेटलेलीच होती. म्हणून ठोका पडला की काळूरामला भीती, आणि पडायला जरा उशीर झाला की त्याहून मोठी. दोन्हीकडून तोट्याचाच धंदा.

बायकोला त्याने यातलं काही कळू दिलं नव्हतं. बोलायचं ते मागाशी. त्या खडखडाटात ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून शेडमधली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलत. काळूराम पक्का, तो सगळ्यांकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करी. खिडकीची जाळी कापसाच्या लवेने इतकी बुजलेली, की दिव्यांच्या उजेडात आतून बाहेरचं काहीच दिसत नसे. तिथे तो रोज म्हणे, "आज काळीज थांबला तर काशीला कोन सांगल?" एवढं म्हटलं की दिवस निघून जाई. दुपारी खिडकीमागच्या अंधाऱ्या बोळातून डबा घेऊन काशी दारात यायची, तोवर त्याचं तोंड मिटलेलं असे. लग्नाआधी काशीही दुसऱ्या एका शेडमध्ये कांड्या भरायला जात होती; पण लग्नानंतर तिचं माहेरचं काही लक्षात ठेवायची त्याला गरज पडली नव्हती.

शनिवारी तो नाक्यावर ट्रकच्या आवाजात उभा राहिला. पोलिसाने दोनदा हटकलं. पिठाची गिरणी बंद. देवळातली घंटा तरी किती वाजवणार? पुजाऱ्याने हात धरला. रविवारी दुपारी तो घरी येऊन गुडघे पोटाशी घेऊन चटईवर पडला. उशीवर कान टेकवला तर जमिनीखालून कुणी मुसळ घालतंय असं वाटे.

"अवो, जेवा दोन घास."

"नको."

"कान दुखतो का?"

"मना काय झाला न्हाय. जा तू."

काशी गेली ती शेजारच्या बायजाबाईचा कांड्या भरायचा रहाट उचलून घेऊन आली. त्याच्या उशाशी मांडला आणि फिरवू लागली. जुना रहाट, कुरकुर आणि घरघर करणारा.

"ही काय पीडा आनलीस?"

"बायजाबाईला ताप हाय. तिच्या कांड्या भरून देते."

घरघरीने कानात शिरून ठोक्याला कोपऱ्यात सारलं. दोन रात्रींचा जागा काळूराम बघता बघता झोपला.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन पिवळं झालं होतं. रहाट चालूच होता. काशीने हात बदलला होता. उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं सुजलेली. बाहेर बायजाबाई ठणठणीत आवाजात कुणाच्या तरी कोंबडीला शिव्या देत होती. काळूरामने रहाटाकडे पाहिलं. फिरत्या चात्यावर कांडी नव्हती. सूतही नव्हतं.

"काशे," तो म्हणाला, आणि कोपरावर उठू लागला.

काशीने रहाट थांबवला नाही. तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, शेडमध्ये बोलतात तसे सावकाश, नीट ओठ हलवले.

"थांबला तर मी सांगीन तुमाला. झोपा."

काळूराम तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग त्याला ती लवेने बुजलेली जाळी आठवली, आणि तिच्यामागचा बोळ.

त्याने कूस बदलली. उजवा कान वर ठेवला, रहाटाकडे.