टिपरू आधी, आवाज मागाहून

सकाळपासून करुणाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आंबेडकर जयंतीची मिरवणूक दाखवायला वाडीतल्या आपल्या शाळेची पोरं त्यांनी रत्नागिरीला आणली खरी, पण चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सोबत नवरा अभय होता. तो पोरांना पाणी पाजत होता नि बाई सारखी मान वळवून डोकी मोजत होत्या.

सरळ रस्त्याच्या पार टोकाला निळे झेंडे दिसले, मग ढोल.

"बाई, तो ढोलवाला चुकतोय," चौथीतली सम्यका म्हणाली. "टिपरू आधी पडतं, आवाज मागनं येतो."

बाई हरखल्या. फळ्यावर कितीदा सांगूनही जे पोरांना पटलं नव्हतं, ते हिनं आपणहून हेरलं होतं.

"चुकत नाही गो तो. दिसतं ते लगेच. आवाजाला इथवर यायला वेळ लागतो."

"मग जवळ गेलं तर?"

"तूच सांग बघू!" म्हणत बाई एका पोराच्या तुटलेल्या चपलेकडे वळल्या. मान वर केली तर सम्यका नाही.

अभयनं बाकीची पोरं दुकानाच्या पायऱ्यांवर बसवली. बाई गर्दीत घुसल्या. हाका मारल्या, त्या ढोलांत बुडाल्या. लेझीमवाल्या पोरींना विचारलं, कुणी पाहिली नव्हती. तिच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सम्यका सापडली ती थेट ढोलापाशी. केसांवर निळा गुलाल, डोळे टिपरावर.

"बाई, इथं एकदमच! येताना मी थांबून थांबून बघितलं. जवळ येऊ तसा उशीर कमी होत गेला!"

मारायला उगारलेला हात बाईंनी तसाच खाली घेतला. त्या फूटपाथवरच बसल्या.

"विचारून जायचं ना गो, बाय."

"तुम्हीच म्हणालात, तूच सांग."

बाईंनी तिचं मनगट धरलं नि तिला पायऱ्यांपाशी आणलं. परत आल्यावर बाकीच्यांनी गलका केला, आम्हालाही बघायचंय. मग एकमेकांचे हात धरून, रांगेच्या शेवटी अभयला ठेवून, सगळी वरात ढोलाच्या दिशेनं निघाली. सम्यका पुढे होऊन प्रत्येकाला कुठं थांबायचं ते सांगत होती. बाईंनी तिचं मनगट काही सोडलं नाही.

संध्याकाळी वाडीत पोचल्यावर त्यांनी घडलेलं सगळं तिच्या आईला, दमयंतीला, स्वतःच सांगितलं. दमयंती लेकीच्या केसांतला गुलाल झटकत राहिली.

"पुढच्या साली मीही येते," ती शेवटी म्हणाली. "एवढी पोरं सांभाळणं दोघांचं काम नाही, बाई."