गादीवर झोप सोडून सगळं

मी एक जुनी कापसाची गादी आहे, मित्रांनो. माझ्या मालकानं माझा तुरुंग केला आणि स्वतःच आत जाऊन बसला.

पिंजाऱ्यानं मला भरलं तेव्हा मी अशी टम्म होते की शेजारणी हातानं दाबून बघायच्या. मालक गोदामात क्रेन चालवायचा. घरी आला की आडवा, आडवा झाला की घोरणं सुरू. माझी कमाई तीच.

मग त्याची झोप बिनसली. एका दोस्तानं गांजाचा झुरका दिला. "औषध आहे, ओढ." सुरुवातीला लागली झोप, खोटं कशाला बोलू! पुढं झुरक्यावर भागेना. माझ्यावर लोळतच ओढायचा, जेवायचा, मोबाईल बघायचा. ठिणग्यांनी माझ्या अंगाला भोकं पडली. एक दिवस क्रेनवरच त्याचा डोळा लागला आणि भलं मोठं खोकं एका हमालाच्या पायाशी आदळलं. साहेब म्हणाले, "झोप घेऊन, शुद्धीत ये. नाहीतर येऊच नकोस."

त्यानं गांजा एकदम तोडला. उरलीसुरली झोपही उडाली. त्याच्या घामानं मी ओलीचिंब. "बघ आक्का, गांजाच माझं औषध!" म्हणत पुन्हा पेटवला. असं कितीदा तरी. आणि आक्का, त्याची थोरली बहीण, म्हणायची, "पड रे जरा. पडल्या पडल्या लागेल डोळा." पडून पडून त्यानं माझ्यात खड्डा केला. माया आंधळी असते म्हणतात. ही तर वर उशी घेऊन यायची!

शेवटी तिनंच त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. परतली ती धुसफुसत. "म्हणे, गांजा सोडला की थोडे दिवस झोप उडतेच, आणि हा दर वेळी तिथूनच माघारी फिरतो. आता हळूहळू कमी करायचा. ते पटलं बाई. पण गादी फक्त झोपेपुरती, आणि झोप येत नसेल तर तिच्यावरून उठायचं? हा कसला इलाज!"

तरी केला तिनं. सकाळ झाली की मला गुंडाळायची, दोरीनं आवळायची, कोपऱ्यात उभी करायची. जीव नुसता कोंडायचा.

"सोड ना आक्का तिला. पाठ टेकतो फक्त."

"रात्री डोळे जड झाले की सोडीन. तोवर शेंगा सोल."

"कसाई आहेस तू."

"आहे. टरफलं खाली पाडू नकोस."

मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

आज रात्री तिनं दोरी सोडली. तो पडला. कूस बदलली, पुन्हा बदलली. "पड अजून थोडा" असं आक्काच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तो उठला. कुणी न सांगता. खुर्चीत जाऊन बसला.

मित्रांनो, घरात कुणी असं तळमळत असेल तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका, लाडानं लोळवूही नका. डॉक्टरकडे न्या. 'ओढ, झोप येईल' म्हणणारा आला तर त्याला उंबऱ्यावरूनच हाकला. आमच्याकडे झोप अजून आलेली नाही, क्रेनही परत मिळालेली नाही. पण तो खुर्चीत बसलाय आणि मी रिकामी पडलेय. इतक्या वर्षांत माझा एवढा मान कुणी राखला नव्हता.