शिजलेला खजूर

बसऱ्याच्या हवामान कचेरीत महिन्याचा नकाशा काढायचं काम मला नवीनच मिळालं होतं, त्यामुळे मी जरा हवेतच होते. जुलैचे आकडे बघून मला कळेना, हिंदुस्तानावरचा कमी दाब यंदा इतका मलूल का? तो जोर धरतो तेव्हाच आमच्याकडे शमाल, म्हणजे उत्तरेचा कोरडा, धुळकट वारा सुटतो. तो ढिला पडला की आखातावरून शर्जी येते, दमट, अंगाला चिकटणारी. कुठलं ते आभाळ, आणि घाम आमचा ठरवतं! मला याचं फार नवल वाटे.

अबुल खसीब गावी खजुराची बाग असलेल्या चासिबमामांनी फोनवर विचारलं, पिवळा खजूर आत्ताच उतरवू की झाडावर पिकू देऊ? त्यांचं वर्षाचं सगळं पीक माझ्या उत्तरावर अडलेलं. मी ऐटीत म्हणाले, "मामा, यंदा ऑगस्टात खजूर झकास शिजणार बघा."

दमट उकाड्यात खजूर झाडावरच मऊ होतो, त्याला आम्ही शहरातले शिजणं म्हणतो. मामांच्या घरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिवळा खजूर कढईत उकळून, उन्हात वाळवून खारीक करतात. त्यांच्या लेखी शिजणं ते एवढंच.

पुढच्या सुट्टीला गेले, तर एकाही झाडावर घड नाही. अंगणभर चटयांवर उकडलेला खजूर पसरलेला आणि मामा खुशीत. "तू म्हणालीस शिजणार, आम्ही शिजवला."

खारीक वाळायला शमालच हवा. माझा पहिलावहिला, शर्जीचा अंदाज साफ चुकावा म्हणून मी अल्लाला विनवत राहिले.

तो चुकला नाही. शर्जी आली, मुक्कामाला राहिली, आणि चटयांवर पांढरी बुरशी धरली. मी रडत रडत सगळं सांगितलं, शब्दाचा घोळसुद्धा. मामी म्हणाल्या, एवढं शिकली, पण बोलायला शिकली नाही. मामा एक नासकी खारीक बोटांत फिरवत बसले होते.

"तो हिंदुस्तानातला दाब मलूल, म्हणजे तिकडे पाऊस नाही?"

"थांबलाय, मामा."

"आपली खारीक घेतात, तीच ना ती माणसं?"

"तीच."

मामांनी हातातली खारीक चटईवर ठेवली. म्हणाले, "त्यांना तरी कुणी नीट सांगितलं होतं का गं?"